नापास उमेदवाराचें पुढें काय?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे गांवोगांव पेढे वाटले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें झळकतात, आणि नापास झालेल्या मुलांविषयींहि कोणी ना कोणी चार सहानुभूतीचे शब्द लिहितो. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या आय. टी. आय. मध्यें, दोन वर्षें कानस चालविलेला मुलगा अखेरच्या परीक्षेंत एका विषयांत राहिला, तर ती वार्ता ओटीवरून अंगणापर्यंतहि जात नाहीं; ती माजघरांतच दडपली जाते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत, जेथें आमच्या पांढरपेशा घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांस शाळा, कचेरी किंवा मुंबईची पेढी यांखेरीज दुसरी वाट दाखविली नाहीं, तेथें मुलगा कारखान्याच्या वाटेला गेला हेंच कित्येक वडीलधाऱ्यांस पचलेलें नसतें. त्यांत तो नापास झाला म्हणजे "एवढेंहि जमलें नाहीं!" हा उद्गार कोणाच्या तरी तोंडून निघतोच. निकालपत्रकाचा परिणाम सहा महिने टिकत असेल. या उद्गाराचा परिणाम कित्येक वर्षें टिकतो.

अशा घरांत त्यानंतर बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर मुलास मुंबईस मामाकडे किंवा काकाकडे पाठवितात व तो मिळेल त्या कामाला लागतो. दोन वर्षें जें शिकला त्याचा त्या कामाशीं कांहीं संबंध नसतो. नाहीं तर त्याला पुन्हां एखाद्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत नांव घालून बसवितात, कां तर विचारणाऱ्याला सांगावयास बरें पडतें. दोन्ही मार्गांत हातीं आलेलें कौशल्य फुकट जातें. आमच्या मतें नापास होण्यानें झालेलें नुकसान थोडें असतें. नापास झाल्यावर पहिल्या पंधरवड्यांत घाईनें घेतलेल्या निर्णयानें होणारें नुकसान फार मोठें असतें. म्हणून त्या पंधरवड्यांत काय करावें, याविषयींच आज लिहावयाचें योजिलें आहे.

पहिलें काम निकालपत्रक नीट वाचण्याचें. हें सांगावयास नको असें कोणी म्हणेल. परंतु "नापास" हा एक शब्द वाचून पत्रक चुरगळून टाकणारे बापहि आम्हीं पाहिले आहेत. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचें स्वरूप शाळेच्या परीक्षेहून वेगळें आहे. तींत व्यवसायाचें प्रात्यक्षिक असतें, व्यवसायाचा सिद्धांत असतो, आणि अभियांत्रिकी व्यवसायांना कार्यशाळेचें गणित व विज्ञान आणि अभियांत्रिकी चित्रकला हे विषयहि असतात. शिवाय नोकरीस उपयोगी पडणाऱ्या सामान्य कौशल्यांचा एक विषय असतो. सिद्धांताची परीक्षा हल्लीं संगणकावर होते. उत्तीर्ण होण्यास प्रात्यक्षिकांत शेंकडा ६० गुण लागतात व इतर विषयांत शेंकडा ३३. या दोन आंकड्यांत सगळें मर्म आहे. परीक्षा घेणाऱ्यांनींच येथें हाताला पुस्तकाच्या जवळजवळ दुप्पट भार दिला आहे. तेव्हां जो मुलगा प्रात्यक्षिकांत उत्तीर्ण झाला आणि गणितांत किंवा सिद्धांतांत राहिला, तो कारागीर म्हणून नापास झालेला नाहीं. तो एका प्रश्नपत्रिकेंत राहिला आहे, व तेवढाच विषय त्याला पुन्हां द्यावयाचा आहे. उलट, लेखी विषयांत भरघोस गुण मिळवून जो प्रात्यक्षिकांत राहिला, त्याच्या हुशारीचें कौतुक करीत बसण्यांत अर्थ नाहीं. त्याला कामाच्या बाकाकडेच परत गेलें पाहिजे. आमच्या घरांतून या दुसऱ्या जातीचीं मुलें अधिक सांपडतात, हें येथेंच सांगून ठेवतों.

पत्रक वाचतांना आणखी एक गोष्ट पाहावी. हजर असून गैरहजर लागलें आहे काय, वर्षभराच्या कामाचे गुण चढले आहेत काय, नांव व नोंदणीचा क्रमांक बरोबर आहे काय, हें संस्थेंत जाऊन ताबडतोब विचारावें. अशा शंकेला मुदत असते, आणि ती कोणासाठीं थांबत नाहीं. फेरपरीक्षा किती वेळां देतां येईल व कोणत्या सालापर्यंत, हेंहि त्याच फेरींत परीक्षा विभागाकडून लिहून घ्यावें. शेजारच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबूं नये, कारण सत्रपद्धति आली आणि गेली तशा या बाबी बदलत आल्या आहेत.

आतां प्रात्यक्षिकांत राहिलेल्या मुलाविषयीं थोडें विस्तारानें सांगूं, कारण घरच्या मंडळींना या परीक्षेची कल्पनाच नसते. फिटरच्या मुलाला पोलादाचे दोन तुकडे देऊन ते एकमेकांत अचूक बसतील असा जॉब करावयास सांगतात. हातांत करवत, कानस, गुण्या आणि व्हर्नियर कॅलिपर. आणि हा कॅलिपर एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवितो. कानशीचा एक फटका जास्त पडला तर गेलेलें लोखंड परत येत नाहीं. गणितांत चुकलेली पायरी खोडून पुन्हां लिहितां येते. येथें खोडण्याची सोयच नाहीं. मुलें चुकतात तीं बहुधा हात जड असल्यामुळें चुकत नाहींत, क्रम चुकल्यामुळें चुकतात. एक कड आधीं पूर्ण सपाट व काटकोनांत करून मग सर्व मापें तिच्यापासून घ्यावयाचीं, हा नियम घड्याळाकडे पाहून मोडला जातो. भोंक पाडण्यापूर्वीं सेंटर पंचानें खूण करावयाची राहते, ड्रिल सरकतें, आणि मग पुढचें कांहींच जुळत नाहीं. मोजमाप शेवटीं केलें जातें, तें पावलोपावलीं व्हावयास पाहिजे.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे तोच जॉब पुन्हां पुन्हां करणें, आणि तोहि घड्याळ लावून. भंगारवाल्याकडून पोलादी पट्टीचे तुकडे स्वस्तांत मिळतात. ज्या निदेशकांच्या हाताखालीं मुलगा शिकला त्यांच्याकडे वडिलांनीं स्वतः जावें, आणि कार्यशाळेंत बाक मोकळा असेल तेव्हां मुलाला काम करूं द्यावें अशी विनंती करावी. शाळेंतील शिक्षकांच्या घरीं आपण शिकवणी विचारावयास जातों. निदेशकांकडे जाण्यास मात्र संकोच वाटतो. हा संकोच कशाचा आहे तें वाचकांस ठाऊक आहे.

गणितांत व चित्रकलेंत राहिलेल्या मुलाचें काम तर एकत्र कुटुंबांत फारच सोपें आहे. अपूर्णांक, गुणोत्तर, शेंकडेवारी, क्षेत्रफळ, घनफळ आणि थोडें त्रिकोणमिति एवढाच बहुतेक पसारा. ज्या घरांत एक निवृत्त शिक्षक, एक बँकेंतील काकू आणि तंत्रनिकेतनांत शिकणारा एक चुलतभाऊ आहे, त्या घरांतील मुलानें यांत अडावें, याचा अर्थ त्याला कोणी विचारलें नाहीं एवढाच. आजोबांनीं रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर पाऊण तास दिला तरी पुरे. चित्रकलेंत मुलें अडतात तीं वस्तूचे समोरून, वरून व बाजूनें दिसणारे आकार कोठें मांडावे यांत. आपल्याकडे प्रथम कोनाची पद्धति चालते. तींत वरून दिसणारा आकार समोरच्या आकाराच्या खालीं येतो, हें उलटें वाटून गोंधळ होतो. स्वयंपाकघरांतील अडकित्ता, पाट, खलबत्ता पुढें ठेवून पंधरा दिवस रोज एक आकृति काढली, तर हा गोंधळ कायमचा जातो. इंग्रजी संज्ञांची भीति हा तिसरा अडथळा. तिच्यासाठीं एक वही करून डावीकडे संज्ञा व उजवीकडे ती वस्तु मराठींत सांगणारें वाक्य लिहावें. भाषांतर पाठ करूं नये.

येथवर लिहिलें तें संस्थेंतील विद्यार्थ्यांविषयीं. १९५० सालीं सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखालीं शिकणारा तो विद्यार्थी. परंतु कारखान्यांत करारानें शिकणारा उमेदवार निराळा. (उमेदवार हा आमच्या भाषेंतील जुना व सुंदर शब्द, हल्लीं तो निवडणुकीनें पळविला आहे. काम शिकतां शिकतां आशेनें राबणारा तो उमेदवार.) शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. त्याखालीं राज्य परिवहनाच्या आगारांतून, वीजकेंद्रांतून, कारखान्यांतून मुलें घेतलीं जातात. त्यांना पगार नसून विद्यावेतन मिळतें. २०१९ च्या दुरुस्तीनें तें शिक्षणाप्रमाणें दरमहा किमान ५ हजार ते ९ हजार रुपये ठरविलें गेलें. ते नोकर नव्हेत, शिकणारे आहेत. आणि शिकणें संपल्यावर त्यांना नोकरी दिलीच पाहिजे असें बंधन, करारांत तसें लिहिलेलें नसेल तर, मालकावर नाहीं. ही गोष्ट घरच्यांनीं आरंभींच समजून घ्यावी. मालक ठेवो वा न ठेवो, मुलाबरोबर बाहेर पडतें तें राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचें प्रमाणपत्र, आणि तें अखेरच्या परीक्षेवांचून मिळत नाहीं.

हा उमेदवार अखेरच्या परीक्षेंत राहिला तर? पुष्कळ मुलें दुसऱ्या दिवशीं लाजेनें कामावर जात नाहींत, आणि तेथेंच खरें नुकसान करून घेतात. १९९२ च्या नियमांनीं अशी तरतूद केली, कीं पूर्ण मुदत काढलेला उमेदवार अखेरच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला नाहीं, तर पुढची परीक्षा होईपर्यंत मालकानें त्याची उमेदवारी वाढवावी; मात्र शिकाऊ उमेदवारी सल्लागारानें तसें फर्माविलें पाहिजे. आजारपणामुळें किंवा आपल्या हातीं नसलेल्या कारणामुळें परीक्षेस बसतां आलें नाहीं, त्यालाहि हीच सोय. अडचण आहे ती त्या "मात्र" या शब्दांत. सल्लागाराला आपण होऊन स्वप्न पडत नाहीं. मुलानें अर्ज केला, कामाच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं त्यावर चांगला शेरा मारला, आणि तो करार संपून गेल्यावर नव्हे तर वेळेवर पोंचला, तर या तरतुदीचा उपयोग. अर्ज एक पानाचा असतो. तो लिहून देण्यास घरांत एखादा निवृत्त कारकून असला तर देवच पावला म्हणावयाचें.

जर्मनींत हीच गोष्ट उलट बाजूनें मांडलेली आहे. तेथील १९६९ सालच्या व्यवसायशिक्षणाच्या कायद्यानें नापास उमेदवारालाच हक्क दिला. त्यानें मागणी केली कीं पुढच्या परीक्षेपर्यंत, फार तर एक वर्ष, त्याचा करार वाढलाच पाहिजे, आणि अखेरची परीक्षा त्याला दोनदां पुन्हां देतां येते. ज्या देशाच्या यंत्रांची आपण वाखाणणी करतों, तेथें कारागिरानें तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण होणें हें कायद्यानें गृहीत धरलें आहे. आपल्याकडे मागणी कोणी करावयाची हें ठरलेलें असतें तर कित्येक करार वांचले असते, असें आम्हांस वाटतें. सध्यां तरी ती मुलानें व त्याच्या वडिलांनीं करावयाची, असें समजून चालावें.

फेरपरीक्षेपर्यंतचे महिने रिकामे जाऊं देऊं नयेत. डिझेल मेकॅनिकचें शिक्षण घेतलेल्या मुलाला रत्नागिरींत काम शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळांत मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि त्याच वेळीं त्यांचीं इंजिनें उघडलीं जातात. एखाद्या अनुभवी मिस्त्रीच्या हाताखालीं या दोन महिन्यांत जितकीं इंजिनें हाताखालून जातील, तितकीं वर्गांत दोन वर्षांतहि जात नाहींत. मासळीच्या वासाला नाकें मुरडणाऱ्या आत्याबाईंना हें पटणार नाहीं. पण इंजिनाला जात नसते. फिटर व वेल्डर यांना मिरजोळ्याच्या किंवा लोटे येथील औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांत विचारतां येईल. वीजतंत्रीच्या बाबतींत मात्र एक सावधगिरी. परवान्याशिवाय त्यानें स्वतंत्रपणें कोणाच्याहि घरची तारजोडणी अंगावर घेऊं नये, ओळखीच्या माणसाचीसुद्धां. परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखालीं मदतनीस म्हणून राहावें. पावसाळ्यांतील कोंकणांतलीं ओलीं घरें आणि शिकाऊ हात यांची गांठ बरी नव्हे. कोठेंहि काम केलें तरी तारीख, काम आणि मालकाची सही असलेलें अनुभवाचें पत्र घ्यावें. तीन वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिरांना बाहेरून व्यवसाय परीक्षेस बसण्याची वाट आहे. ज्याचें शिक्षण मधेंच तुटलें त्याला पुढें हींच पत्रें उपयोगीं पडतात.

व्यवसाय बदलावा काय? बहुतेकांनीं बदलूं नये, असें आम्ही म्हणूं. परंतु एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कधीं कधीं अपयशाचें कारण आळस किंवा बुद्धि यांत नसून शरीरांत असतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. दोन वर्षांनीं असें लक्षांत आलें कीं त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेदच कळत नाहीं. ही उणीव कितीहि वेळां परीक्षा दिली तरी भरून येणारी नव्हती. त्यांनीं रंग सोडले. रेषा सोडल्या नाहींत. यंत्रांचीं चित्रें काढण्याकडे ते वळले, त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. १८८८ सालीं बेळगांवीं बंधूंसह सायकलींचें दुकान, पुढें लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी. लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें तो नांगरहि आरंभीं कोणी घेईना, ही गोष्ट वेगळी. येथें पाहावयाचें तें हें, कीं त्यांनीं सगळें शिक्षण टाकून दिलें नाहीं; त्यांतील जो भाग डोळ्यांना झेपत नव्हता तेवढाच टाकला. आजहि वीजतंत्रीच्या प्रात्यक्षिकांत तारांचे रंग चुकणारा मुलगा असला, तर त्याला रागावण्याआधीं नेत्रवैद्याकडे न्यावें. तपासणीला पांच मिनिटें लागतात. दोष निघाला तर फिटर किंवा टर्नर व्हावें. दोष नसेल तर अभ्यास करावा.

वर्ष वायां गेलें, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. याच जिल्ह्यांतील मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठीं घाट चढून शंभराहून अधिक मैल पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेला बसूंच दिलें नाहीं. ते परत आले, दुसऱ्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. पुढचा इतिहास वाचकांस माहीत आहेच.

मुलींविषयीं वेगळें लिहिणें भाग आहे. आतां आमच्या घरांतील मुलीहि इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, स्थापत्य आरेखन अशा व्यवसायांत जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुलगा एका विषयांत राहिला तर "पुन्हां बैस" असें निदान सांगतात. मुलगी राहिली तर त्याच आठवड्यांत स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. एका विषयाच्या तीस-चाळीस गुणांसाठीं दोन वर्षांचें शिक्षण अर्ध्यावर सोडून द्यावयाचें, आणि तेंहि शिकणारीला न विचारतां! हें प्रमाणपत्र केवळ नोकरीपुरतें नाहीं. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनांत थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मागतां येतो. त्यापुढें अभियांत्रिकीची पदवीहि आहे. हें दार त्या एका विषयावर अडलेलें असतें. लग्न ठरवावयाचेंच असेल तर फेरपरीक्षेची तारीख पाहून मुहूर्त धरावा, आणि ती परीक्षा देणार हें मुलाकडच्यांना बैठकींत स्पष्ट सांगावें. ज्यांना तें रुचणार नाहीं त्यांचें घर कसें आहे, तें मुलीच्या आईबापांना वेळींच कळलें असें होईल.

शेवटीं कागदपत्रांविषयीं. फेरपरीक्षेचा अर्ज आपोआप भरला जात नाहीं. संस्थेच्या फलकाकडे आणि संकेतस्थळाकडे आठवड्यांतून एकदां लक्ष ठेवावें, शुल्क मुदतींत भरावें आणि पावती जपावी. मूळ निकालपत्रक, प्रवेशपत्र, उमेदवारीचा नोंदलेला करार, मुदत वाढविण्याच्या अर्जाची पोंच, अनुभवाचीं पत्रें, हें सर्व एका कापडी पिशवींत घालून घरांतील ज्या पेटींत सातबाऱ्याचे उतारे व दागिन्यांच्या पावत्या ठेवतात, तींतच ठेवावें. आणि प्रत्येकाची एक नक्कल मुलाच्या हातीं असावी.